नाक दाबले म्हणून

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, चहा गाळला, भोंडल्याची खिरापत केली. पण बोलायला उभे राहण्याची पाळी आज पहिल्यांदाच आली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शास्त्रीय भाषण माझ्याच्याने व्हायचे नाही, हे मी चिटणीसबाईंना आधीच सांगून टाकले होते. त्या म्हणाल्या, "शास्त्र नको. तुमच्या मधलीची हकीकत सांगा म्हणजे झाले."

ती हकीकत आम्ही घरातसुद्धा फारशी काढत नाही. पण यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात मी एक गोष्ट पाहिली. लहान मुले कडेवर घेऊन आलेल्या सात-आठ जणी एका कोपऱ्यात बसल्या होत्या आणि साऱ्याजणींचे गाऱ्हाणे एकच, "आमचा काही खातच नाही हो!" बोलता बोलता त्यांतल्या एकीने मांडीवरच्या मुलाचे नाक चिमटीत धरले, त्याने श्वासासाठी तोंड उघडले, आणि तिने तिळाच्या लाडवाचा तुकडा आत सारला. बाकीच्या हसल्या. माझ्या हातातला कुंकवाचा करंडा मात्र पडायचाच राहिला. म्हणून आज उभी आहे.

आधी "खात नाही" म्हणजे काय ते पाहू. आमच्या शेजारी एक नवी सून आहे, तिचा मुलगा पावणेदोन वर्षांचा. रोज दुपारी तिच्या रडण्याचा नि त्याच्या ओरडण्याचा आवाज भिंतीपलीकडून यायचा. मी तिला म्हटले, "बाई गं, एक वही घे आणि तीन दिवस त्याच्या तोंडात जे जाईल ते लिही. कोणी दिले तेही लिही." तिने लिहिले. सकाळी डोळे उघडताच बाटलीभर दूध. सातला आजोबांच्या बशीतल्या चहात बुडवून चार बिस्किटे. नऊला आत्याने हौसेने आणलेली वेफर्सची पुडी. साडेदहाला पुन्हा दूध, का तर "सकाळपासून पोटात काही नाही." बाराला अर्धे केळे. आणि साडेबाराला ही माउली वरणभात कालवून बसली तेव्हा स्वारी अंगणात पळाली! वही वाचून ती आपणहून हसली. मूल उपाशी नव्हतेच. पाच माणसांनी पाच वेळा त्याची भूक मारली होती, आणि सहावी जी जेवण घेऊन बसली तिच्या माथी "भरवता येत नाही" हा शिक्का बसला होता.

दुसरी गोष्ट वजनाची. आपल्याकडे मूल जन्मते साधारण अडीच-तीन किलोचे. वर्षाच्या वाढदिवसाला जन्माच्या तिप्पट, म्हणजे आठ-नऊ किलो भरते. पहिल्या वर्षात सहा किलो कमाई! पण दुसऱ्या सबंध वर्षात वाढते दोन-अडीच किलो. हा हिशेब अंगणवाडीच्या ताईंनी मला बोटांवर करून दाखवला, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाढच कमी झाली, तर भूक पहिल्यासारखी कशी राहील? शिवाय वर्षाचे मूल चालू लागलेले असते. त्याला कपाट उघडायचे असते, मांजराची शेपटी धरायची असते. ताटासमोर बसण्यापेक्षा जगात पाहण्यासारखे पुष्कळ असते. आणि याच वयात त्याला "नको" हा शब्द नवा नवा सापडलेला असतो, तो ते सगळीकडे वापरून पाहते. आपण मात्र समजतो की सहा महिन्यांचे असताना चटाचटा खाणारे मूल आता बिघडले, कुणाची तरी दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळायला माझी हरकत नाही, मीही ओवाळल्या आहेत. पण त्याने भूक वाढलेली मी पाहिली नाही.

आता मधलीची गोष्ट.

माझी थोरली मुलगी खाण्याला गुणी होती. मधली झाली २००४ च्या दिवाळीनंतर. घरी म्हैस होती, दुधाला तोटा नव्हता, आणि आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, दुधावर फार विश्वास. मधलीने वर्षानंतर भात-भाकरीला तोंड लावायचे सोडले. तसे आम्ही बाटली वाढवली. बाटली वाढली तसे जेवण आणखी कमी झाले. दीड वर्षाची असताना ती दिवसाला लिटरभर म्हशीचे दूध पीत होती, आणि हे मी लोकांना अभिमानाने सांगत होते! पोरगी दिसायला गोरीगोमटी. पुढे कळले की तो गोरेपणा नव्हता, पांढरेपणा होता. ती भिंतीचा पोपडा काढून चाटायची, अंगणातली माती खायची. मी हातावर चापट मारायची, एवढेच.

याच सुमारास एका बारशाला गेले होते. तिथे एक ओळखीच्या बाई चारचौघींत म्हणाल्या, "अगंबाई, किती वाळलीय पोर! आई जेवायला घालते की नाही?" बाई मनाने वाईट नव्हत्या. पण ते वाक्य माझ्या काळजात रुतले. घरी आल्यावर आत्याबाईही तेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी पोरीला दोन गुडघ्यांत दाबून भरवायला लागले. तिने ओठ मिटले की नाक दाबायचे. आपल्यात म्हणच आहे ना, नाक दाबले की तोंड उघडते! घास आत गेला की मला वाटायचे, जिंकले. ती ओकायची. मी पुन्हा भरवायची. ताटली दिसली की ती पाळण्याखाली जाऊन बसायला लागली, तरी माझे डोळे उघडले नाहीत.

२००६ च्या मे महिन्यातली दुपार. चपातीचा घास होता, भाजीत बुडवलेला. ती रडत होती, मी नाक दाबले, तिने हुंदक्यासाठी श्वास ओढला आणि त्या श्वासाबरोबर घास गेला. रडणे एकदम थांबले. सुरुवातीला मला बरेच वाटले की थांबली! मग पाहते तो तिचे ओठ निळे पडू लागले होते, डोळे मोठे झाले होते, आवाज नाही, खोकला नाही. मी घाबरून तोंडात बोट घातले. त्याने घास आणखी आत गेला असता, हे मला नंतर समजले. आत्याबाई देवाचे नाव घेऊन ओरडल्या. त्या ओरडण्याने शेजारच्या आक्का धावत आल्या, त्यांनी पोरीला माझ्या हातून हिसकावून मांडीवर पालथी घातली, डोके खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला घास बाहेर पडला. मग जे रडणे ऐकले, तसे गोड रडणे मी आयुष्यात ऐकलेले नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. मला वाटले होते, रागावतील. त्यांनी तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, तळवे पाहिले आणि विचारले, "दूध किती पिते?" मी सांगितले, लिटरभर. ते म्हणाले, "इथेच सगळे आले." रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. या वयात ते निदान अकरा तरी हवे. त्यांनी समजावले ते मी माझ्या भाषेत सांगते. दुधात चुना आहे, चरबी आहे, पण लोह जवळजवळ नाही. दुधाने पोट भरते, म्हणून मूल लोह असलेले काही खात नाही. वरून दूध इतर अन्नातले लोहही नीट अंगी लागू देत नाही. रक्त कमी झाले की भूक आणखी मरते आणि माती खाविशी वाटते. म्हणजे मी ज्या रोगावर नाक दाबण्याचा उपाय करत होते, तो रोग मीच बाटलीतून पाजत होते!

बाटली त्याच दिवशी बंद झाली. दूध पेल्यातून, दिवसाला दोन लहान पेले, तेही जेवणानंतर. लोहाचे थेंब काही महिने चालले. ते दुधाबरोबर द्यायचे नाहीत, आणि शी काळी झाली तर घाबरायचे नाही, हे त्यांनी आधीच सांगितले म्हणून बरे झाले, नाहीतर आमच्या घरात आकांत झाला असता. पण त्यांनी दिलेले खरे औषध निराळेच होते. ते म्हणाले, "काय शिजवायचे, कधी वाढायचे, कुठे बसवायचे, हे तुम्ही ठरवा. किती खायचे, ते तिला ठरवू द्या. एका घासाचीही सक्ती नको." मी विचारले, "आणि मुळीच खाल्ले नाही तर?" तर म्हणाले, "ताट उचला. तीन तासांनी पुन्हा वाढा."

सांगायला हे सोपे आहे. घरात करणे फार अवघड गेले, आणि सगळ्यांत जड गेले ते आत्याबाईंना. त्या चिडल्या, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या रात्री भांडी घासताना त्यांनी जे सांगितले, ते सात वर्षांत मला कोणी सांगितले नव्हते. आमचे सासरचे लोक मूळ माणदेशातले. १९७२ च्या दुष्काळात आत्याबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो. कडेवर दीड वर्षाचा पहिला मुलगा, म्हणजे आमच्या ह्यांच्या आधीचा. उन्हाळ्यात त्याला जुलाब लागले, आणि दोन दिवस त्याने तोंड मिटले ते उघडलेच नाही. "घास घिऊन बसली हुते गं मी," त्या म्हणाल्या, "त्येनं त्वांड उघाडलं न्हाई." ज्या बाईने हे पाहिले, तिला मूल ओठ मिटते तेव्हा काय दिसत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. तोवर मला त्या खाष्ट वाटत. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी "भरव, भरव" म्हणून तगादा लावला, तर चिडण्याआधी त्यांना त्यांच्या लहानपणाबद्दल, त्यांच्या लेकरांबद्दल एकदा विचारून पाहा.

त्या रात्रीनंतर आम्ही दोघींनी मिळून केले, आणि दोघींनी केले म्हणूनच जमले. मधलीला आम्ही निराळी भरवायचे बंद केले. सगळ्यांची पंगत बसेल तेव्हा तिचाही पाट मांडायचा. तिची स्वतःची लहान ताटली, तीत अगदी थोडे वाढायचे. दोन चमचे वरणभात, भाकरीचा चतकोराचाही चतकोर, चिमूटभर भाजी. थोडे वाढले की मूल घाबरत नाही, आणि "आणखी" म्हणण्याची संधी त्याला मिळते. पहिल्यांदा "आनी" म्हणाली तेव्हा आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. खाली जुने लुगडे पसरायचे. सांडू दे, माखू दे, केसांना लागू दे. अर्ध्या तासाच्या आत ताट उचलायचे, आणि उचलताना तोंड वाकडे करायचे नाही. हे शेवटचे मला फार दिवस जमले नाही. मधल्या वेळेत पाणी सोडून काही नाही, आणि हा नियम घरातल्या पाचही माणसांना लागू. आजोबांच्या खिशातले बिस्कीट बंद करायला आम्हांला सहा महिने लागले.

नव्या भाजीबद्दल एक अनुभव सांगते. आपण एकदा मेथी देतो, मूल थुंकते, आणि आपण जाहीर करतो, "ह्याला मेथी आवडत नाही." नव्या चवीची ओळख व्हायला मुलाला आठ-दहा, कधी पंधरा वेळासुद्धा ती पानात दिसावी लागते. तेव्हा आवडीच्या पदार्थाशेजारी ती चिमूटभर वाढत राहावे आणि तिच्याबद्दल एक शब्द बोलू नये. मधलीने घेवडा अकराव्या की बाराव्या वेळी तोंडात घातला. मी भिंतीवर खडूच्या रेघा ओढत होते, त्यातल्या दोन थोरलीने पुसल्या, म्हणून नक्की आकडा सांगता येत नाही. आणि मुलांना स्वयंपाकघरातून हाकलू नका. मटार सोलायला, मेथी निवडायला जवळ बसवा, कणकेचा गोळा हातात द्या. स्वतः सोललेला दाणा मूल खाते. मात्र विळी आणि चूल दूर.

काय द्यावे, याबद्दल आपल्यात एक मोठा गैरसमज आहे, तो म्हणजे वरणाचे वरचे पाणी. भगिनींनो, त्या पाण्यात डाळ नसते! पोट मात्र भरते. भाताच्या पेजेचेही तेच. वर्षापुढच्या मुलाचे जेवण असे घट्ट हवे की चमचा तिरपा केला तरी घरंगळू नये. मऊ भात, घट्ट वरण, वर चमचाभर तूप किंवा तेल. मुलाचे पोट असते मुठीएवढे, तेव्हा थोडक्यात पुष्कळ बसवायचे. वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा किरकोळ खाणे पुरते. एका वेळी पाव लिटरच्या वाटीने पाऊण ते एक वाटी. हा अंदाज आहे, कायदा नव्हे. कमी खाल्ले म्हणून पुन्हा गुडघ्यांत धरू नका. आईचे दूध चालू असेल तर दोन वर्षांपर्यंत खुशाल चालू द्यावे.

आपल्या घरात जे आहे तेच पुष्कळ आहे. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, मुगाचे धिरडे, भाजणीचे थालीपीठ, उकडलेले अंडे, कुस्करलेली मटकीची उसळ, खात असाल त्या घरी मऊ शिजवलेले मटण किंवा काटा काढलेला मासा. नाचणीत चुना भरपूर असतो, तितक्याच वजनाच्या गाईच्या दुधापेक्षा जवळजवळ तिप्पट. फक्त आंबील पाण्यासारखी पातळ केली की तो हिशेब राहत नाही. पालेभाजी, डाळ, कडधान्य यांवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. चहाने नेमके उलटे होते, म्हणून बशीतला चहा मुलाला नको. गुळाविषयी मी थोडी अप्रिय होणार आहे. गुळात लोह असते असे आपण म्हणतो, पण गुळाच्या खड्याने रक्त भरून निघत नाही, आणि पोर गोडाला सोकावते ते वेगळेच. शेंगदाणे उत्तम, पण पाच वर्षांपर्यंत ते कूट करूनच. अख्खे दाणे, फुटाणे, लाह्या, अख्खी द्राक्षे, गाजराचे कच्चे तुकडे यांनी घसा बंद होतो. माझ्याकडून चपातीच्या घासानेही झाला होता, तेव्हा रडत्या, पळत्या, हसत्या मुलाच्या तोंडात काहीच घालू नका.

आता एवढे सांगितल्यावर कोणी असे समजू नये की सगळीच न खाणारी मुले ठीक असतात. दोन-तीन महिने वजन जागचे हलत नसेल, मूल फिकट दिसत असेल, माती-खडू खात असेल, घास गिळताना त्रास होत असेल, वरचेवर ताप-जुलाब होत असतील, तर वाट पाहायची नाही, डॉक्टरांकडे जायचे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, दंडाला पट्टी लावून पाहतात. पट्टी तांबड्या रंगात गेली, म्हणजे दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, तर ती धोक्याची खूण असते. वर्षातून दोनदा जंतांचे औषध देतात, तेही चुकवू नये. आणि एक विनंती या मंडळापुरती. "किती वाळलाय हो!" हे वाक्य निदान आपल्या हळदीकुंकवात तरी कोणी कोणाच्या मुलाला पाहून उच्चारू नये. ते मुलाला लागत नाही, आईला लागते, आणि आई ते घरी जाऊन मुलावर काढते. मी काढले आहे.

मोबाईलबद्दल बोला, असे मघाशी एकीने कानात सांगितले. सांगते. २०२४ च्या दिवाळीला थोरली माहेरपणाला आली, तिचा मुलगा दोन वर्षांचा. पहिल्याच दुपारी पाहिले, समोर मोबाईल टेकवलेला, त्यात गाणे चालू, पोराचे डोळे तिथे खिळलेले, आणि थोरली एकामागून एक घास घालते आहे. ताटली रिकामी झाली, पण काय खाल्ले ते त्याच्या गावीही नव्हते. थोरली म्हणाली, "आई, चिऊकाऊचे घास तूही भरवायचीस ना? तसेच आहे हे." मला वाटते, तसे नाही. चिऊचा घास घेताना मूल आपल्या तोंडाकडे पाहते, हसते, मध्येच "नको" म्हणते आणि आपल्याला ते ऐकू येते. मोबाईल लावला की त्याला "नको" म्हणायचीच आठवण राहत नाही. नाक न दाबता नाक दाबण्यासारखेच झाले. हे मी तिला बोलले, आणि ती रागावली. लेकीही रागावतात.

तरी तिने चार दिवस मोबाईल बंद ठेवायचे कबूल केले. पहिल्या दिवशी नातवाने दोन्ही वेळा ताटली ढकलली. रात्री थोरली रडायला लागली, "उपाशी झोपला गं." खरे सांगते, अठरा वर्षे लोकांना उपदेश करणारी मी, त्या रात्री माझाच हात मोबाईलकडे गेला होता. तो नुसता हात, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अर्धे धिरडे खाल्ले आणि दुपारी पुन्हा काही नाही.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई ओसरीवर जेवायला बसल्या होत्या. आता त्यांचे वय सत्तरीच्या पुढे, दात राहिले नाहीत, म्हणून त्या भाकरी दुधात कुस्करून, वर थोडे मीठ घालून खातात. नातू खेळता खेळता त्यांच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. दातांशिवाय चावताना त्यांची हनुवटी वरखाली होते, त्याची त्याला गंमत वाटत असावी. थोड्या वेळाने त्याने आपणहून तोंड उघडले. आत्याबाईंचा हात घासासकट अधांतरी थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "दिऊ का गं?"

मी म्हटले, "द्या की, आत्याबाई. त्याने मागितलाय."

पाच घास खाल्ले त्याने. सहाव्याला मान फिरवली, आणि आत्याबाईंनी वाटी खाली ठेवली.

अजून तो दोडक्याला हात लावत नाही, हेही सांगून टाकते. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांनी पुढच्या सोमवारच्या बैठकीला तीन दिवसांची वही लिहून आणावी. आपण बसून वाचू. अंगणवाडीच्या ताईही वजनाचा काटा घेऊन येणार आहेत.